प्रोसेसर चिपचं तापमान आणि टायमिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपच्या डेटाशीटमध्ये (निर्मात्याच्या माहितीपत्रकात) तापमानाचा तक्ता एका टोकाला असतो आणि टायमिंगचा दुसऱ्या टोकाला. मधे पिनांची यादी, बस सायकलच्या (मेमरीशी होणाऱ्या एका देवाणघेवाणीच्या) आकृत्या, पॅकेजची मापं. त्यामुळे शिकताना हे दोन वेगळे धडे वाटतात. पण नॅनोसेकंदातल्या प्रत्येक आकड्याला तापमान आणि व्होल्टेजची अट जोडलेली असते. ती अट न वाचता आकडा वापरला, तर बोर्ड टेबलावर चालतो आणि पेटीत बंद केला की अडखळतो. बोर्ड बनवताना आणि दुरुस्त करताना मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बऱ्याच ठिकाणी उदाहरण म्हणून इंटेलचा १९७८ सालचा ८०८६ हा प्रोसेसर घेतला आहे. तो जुना आहे, पण त्याचे आकडे मोठे आणि स्वच्छ आहेत, कागदावर सहज मांडता येतात. आजच्या चिपमध्ये तेच हिशेब पिकोसेकंदात होतात, एवढाच फरक.

चिप नेमकी कशामुळे तापते?

दोन मुख्य कारणं. पहिलं म्हणजे स्विचिंग. आतली प्रत्येक तार आणि प्रत्येक गेट हा एक छोटा कपॅसिटर असतो. सिग्नल ० वरून १ वर गेला की तो भरतो, परत आला की रिकामा होतो, आणि ती सगळी ऊर्जा ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. या भागाचं सूत्र सरळ आहे: शक्ती = सक्रियता (किती भाग स्विच होतो) × कपॅसिटन्स × व्होल्टेजचा वर्ग × फ्रिक्वेन्सी. सूत्रातला ‘वर्ग’ हा शब्द महत्त्वाचा. फ्रिक्वेन्सी १० टक्क्यांनी कमी केली तर स्विचिंगची शक्ती १० टक्केच कमी होते. व्होल्टेजही १० टक्क्यांनी उतरवलं, तर ०.९ × ०.९ × ०.९ म्हणजे ०.७२९ उरते. वेग दहा टक्के गेला आणि उष्णता सत्तावीस टक्के गेली. आजचे प्रोसेसर कामाचा भार बघून व्होल्टेज आणि क्लॉक (कामाची लय ठरवणारा ठोका) दोन्ही एकदम खाली-वर करतात ते याच गणितामुळे.

दुसरं कारण गळती. ‘बंद’ असलेला ट्रान्झिस्टर पूर्ण बंद नसतो, त्यातून थोडा करंट वाहतच राहतो. ही गळती तापमानाबरोबर घातांकी वेगाने वाढते. म्हणजे चिप तापली की गळती वाढते, गळती वाढली की चिप आणखी तापते. उष्णता बाहेर नेण्याची सोय पुरेशी असेल तर हे चक्र एका तापमानाला जाऊन स्थिरावतं. नसेल तर स्थिरावत नाही, आणि चिप जाते.

जंक्शन तापमान म्हणजे काय? चिपला बोट लावून ते कळतं का?

पॅकेजच्या आत सिलिकॉनचा जो तुकडा असतो, त्यावरच्या ट्रान्झिस्टरांचं तापमान म्हणजे जंक्शन तापमान. ट्रान्झिस्टरचा वेग, गळती आणि आयुष्य त्यावरच ठरतं. बोट लागतं ते पॅकेजला, सिलिकॉनला नाही. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर माणूस बोट फार वेळ ठेवू शकत नाही, पण बहुतेक चिपच्या दृष्टीने ६० अंश म्हणजे काहीच नाही. उलट मोठ्या हीटसिंकचं (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पंखांचं) टोक कोमट लागत असताना आतलं सिलिकॉन शंभरीला टेकलेलं असू शकतं, विशेषतः मधली उष्णता नेणारी पेस्ट नीट बसलेली नसेल तर. ‘हात लावून पाहिला, गार आहे’ हे मोजमाप नव्हे.

थीटा-जेए आणि थीटा-जेसी या आकड्यांचं गणित कसं करायचं?

उष्णतेचा प्रवाह विजेसारखाच मांडता येतो. वॅट म्हणजे करंट, तापमानातला फरक म्हणजे व्होल्टेज आणि वाटेतला अडथळा म्हणजे रोध. औष्णिक रोधाचं एकक अंश प्रति वॅट. थीटा-जेए म्हणजे जंक्शनपासून आजूबाजूच्या हवेपर्यंतचा एकूण रोध. थीटा-जेसी म्हणजे जंक्शनपासून पॅकेजच्या पृष्ठभागापर्यंतचा.

समजा, चिप २ वॅट खाते, थीटा-जेए ३० आहे आणि पेटीच्या आतली हवा ४५ अंशांवर आहे. २ × ३० = ६० अंशांची वाढ. ४५ + ६० = १०५. चिपची मर्यादा १२५ असेल तर हातात २० अंश उरले. मर्यादा १०० असेल तर हीटसिंक हवाच.

हीटसिंक लावला की वाटेचे तीन टप्पे होतात: जंक्शन ते पॅकेज, पॅकेज ते हीटसिंक (म्हणजे पेस्ट) आणि हीटसिंक ते हवा. तिन्ही रोधांची बेरीज करायची. १०० वॅटच्या प्रोसेसरसाठी हे करून पाहा. हवा ४०, जंक्शन ९० च्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे ५० अंश भागिले १०० वॅट, एकूण रोध अर्ध्या अंशाच्या आत. पंख्याशिवाय हे का जमत नाही ते या एका भागाकारातून दिसतं.

या गणितात ‘हवा’ म्हणजे खोलीतली हवा नव्हे. चिपच्या शेजारची, पेटीच्या आतली हवा. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

डेटाशीटमधला थीटा-जेए माझ्या बोर्डावर तसाच लागू होतो का?

नाही, आणि हे मनापासून सांगतो. हा आकडा प्रमाणित चाचणी-बोर्डावर, ठरावीक मापाच्या बंदिस्त आणि स्थिर हवेत मोजलेला असतो. जेडेक या चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ‘जेईएसडी ५१’ या मानक-मालिकेत ते बोर्ड आणि ती पद्धत दिलेली आहे. एका पॅकेजची दुसऱ्या पॅकेजशी तुलना करता यावी, हा त्या आकड्याचा हेतू. तुमच्या बोर्डावर तांब्याचे थर किती, चिपच्या खाली व्हाया (थर जोडणारी तांब्याची भोकं) किती, शेजारी व्होल्टेज रेग्युलेटर तापतोय का, यांवर खरा आकडा बराच कमी-जास्त होतो. छोट्या पृष्ठजोड (सरफेस माउंट) पॅकेजमध्ये तर बरीचशी उष्णता वरून न जाता पिनांतून आणि खालच्या पॅडमधून बोर्डाच्या तांब्यात उतरते. बोर्ड हाच तिथे हीटसिंक असतो.

आणखी एक गफलत. पॅकेजच्या माथ्यावर थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) लावायचा, आलेल्या तापमानात शक्ती गुणिले थीटा-जेसी मिळवायचं आणि त्याला जंक्शन तापमान म्हणायचं. थीटा-जेसी मोजताना जवळजवळ सगळी उष्णता एकाच पृष्ठभागातून बाहेर काढलेली असते. तुमच्या बोर्डावर माथ्यातून फक्त एक हिस्सा जातो, त्यामुळे उत्तर फुगून येतं. या कामासाठी डेटाशीटमध्ये साय-जेटी नावाचा वेगळा आकडा असतो. माथ्याच्या तापमानावरून जंक्शन काढायचं असेल तर तो घ्या.

थर्मल पेस्ट जास्त लावली तर जास्त गार राहते का?

उलट. पेस्ट ही तांब्याच्या जागी नसते, हवेच्या जागी असते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकले तरी सूक्ष्म खाचांत हवा अडकते आणि हवेची उष्णतावहनक्षमता ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन इतकीच. पेस्टची साधारण १ ते १० च्या दरम्यान. तांब्याची मात्र ४०० च्या आसपास. म्हणून खाचा भरतील इतकीच हवी. जाड थर लावला की आपणच वाटेत रोध उभा करतो.

चिप तापली की मंद होते असं म्हणतात. मग थंड केली की नेहमी वेगवान होते का?

इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. तापमान वाढलं की सिलिकॉनच्या जाळीची कंपनं वाढतात आणि इलेक्ट्रॉनांची गतिशीलता घटते, ढोबळमानाने निरपेक्ष तापमानाच्या उणे दीड घाताने. ३०० केल्विनवरून ४०० वर गेलं, म्हणजे २७ अंशांवरून १२७ वर, तर ती सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. हे झालं मंद करणारं कारण. त्याच वेळी ट्रान्झिस्टर चालू होण्यासाठी लागणारं थ्रेशोल्ड व्होल्टेजही दर अंशाला एक-दोन मिलिव्होल्टने उतरतं. हे वेग वाढवणारं कारण.

पुरवठा ५ किंवा ३.३ व्होल्ट असताना थ्रेशोल्डमधले काही मिलिव्होल्ट किरकोळ ठरतात, गतिशीलता जिंकते आणि गरम चिप मंद होते. पुरवठा एका व्होल्टच्या खाली, थ्रेशोल्डच्या जवळ आणला की चित्र पालटतं: थोडंसं उतरलेलं थ्रेशोल्डही मोठा फरक पाडतं आणि गरम चिप थंड चिपपेक्षा वेगवान होऊ शकते. याला तापमान-उलटापालट म्हणता येईल. म्हणून आजच्या चिपचं टायमिंग तपासताना फक्त सगळ्यात गरम स्थिती बघून भागत नाही, सगळ्यात थंड स्थितीतही तेवढ्याच काळजीने तपासावं लागतं. जुन्या पाच व्होल्टच्या चिपांवर शिकलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मलाही लागला.

सेटअप टाइम आणि होल्ड टाइम साध्या शब्दांत सांगाल का?

फ्लिपफ्लॉप म्हणजे एक बिट धरून ठेवणारं सर्किट; तो क्लॉकच्या कडेवर, म्हणजे क्लॉक बदलण्याच्या क्षणी, डेटा टिपतो. कडेच्या आधी डेटा जितका वेळ स्थिर हवा तो सेटअप टाइम, कडेनंतर जितका वेळ स्थिर हवा तो होल्ड टाइम. गाडी सुटण्याआधी फलाटावर पोचायचं आणि गाडी हलल्यावर लगेच दार सोडायचं नाही, तसंच काहीसं.

दोन फ्लिपफ्लॉपच्या मधल्या वाटेसाठी क्लॉकचा आवर्तकाळ एवढ्याला पुरायला हवा: पहिल्या फ्लिपफ्लॉपचा आउटपुट विलंब, मधल्या लॉजिकचा विलंब, दुसऱ्याचा सेटअप टाइम आणि क्लॉकमधला स्क्यू (कड दोन ठिकाणी वेगळ्या वेळी पोचणं) व जिटर (कडेचं मागेपुढे होणं). ही बेरीज आवर्तकाळापेक्षा मोठी झाली की सेटअप मोडतो.

क्लॉक मंद केला की सगळ्या टायमिंगच्या चुका सुटतात ना?

सेटअपच्या सुटतात, होल्डच्या सुटत नाहीत. हा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मं निदान झालं. होल्डची चूक म्हणजे नवा डेटा फार लवकर पोचला आणि त्याने जुन्याला त्याच कडेवर ढकलून दिलं. त्या समीकरणात आवर्तकाळ येतच नाही. क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा असो नाहीतर १ हर्ट्झचा, वाट जितकी आखूड आहे तितकी ती राहणारच. नेहमीचा उपाय म्हणजे वाटेत विलंब घालणं.

म्हणून दोन्ही चाचण्या दोन विरुद्ध टोकांना होतात. सेटअप बघायचा तो सगळ्यात मंद स्थितीत: मंद निघालेलं सिलिकॉन, कमी व्होल्टेज आणि मंद करणारं तापमान. होल्ड बघायचा तो प्रामुख्याने सगळ्यात वेगवान स्थितीत: वेगवान सिलिकॉन, जास्त व्होल्टेज. बोर्डावर क्लॉक अर्ध्यावर आणूनही चूक जशीच्या तशी राहिली, तर सेटअपचा पिच्छा सोडा आणि होल्ड, रिसेट किंवा पुरवठ्याकडे वळा.

तक्त्यात किमान, ठरावीक (टिपिकल) आणि कमाल असे तीन रकाने असतात. कोणता घ्यायचा?

ठरावीकचा रकाना डिझाइनच्या वेळी हाताने झाकून ठेवा. त्या आकड्याची हमी कुणीच देत नाही. बहुतेक वेळा तो २५ अंशांवर, नेमक्या नाममात्र व्होल्टेजला, सरासरी चिपचा असतो. हमी किमान आणि कमाल यांचीच, आणि तीही तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेल्या अटींत.

८०८६च्या टायमिंग तक्त्यावर अट आहे: भोवतालचं तापमान ० ते ७० अंश, पुरवठा ५ व्होल्ट अधिक-उणे १० टक्के. खाली बारीक अक्षरात, आउटपुटवरचा लोड १०० पिकोफॅरडपर्यंत आणि मोजमाप १.५ व्होल्टच्या पातळीवर. तुम्ही एकाच बसवर आठ-दहा चिप लटकवल्या आणि लोड २०० पिकोफॅरड झाला, तर तक्त्यातला कमाल विलंब तुमच्यासाठी कमाल राहिला नाही. बफर घाला, किंवा जादा विलंब हिशेबात धरा.

कुठे किमान घ्यायचा आणि कुठे कमाल? डेटा उशिरा पोचेल का, हे तपासताना विलंबांचे कमाल आकडे. डेटा लवकर निघून जाईल का, हे तपासताना किमान.

मेमरी पुरेशी वेगवान आहे का, हे कसं काढायचं? एक पूर्ण उदाहरण द्या.

५ मेगाहर्ट्झचा ८०८६ घेऊ. एक क्लॉक २०० नॅनोसेकंदांचा. साधी बस सायकल चार क्लॉकची: टी-१ ते टी-४. प्रोसेसर मेमरीचा पत्ता टी-१मध्ये बाहेर टाकतो. टी-१च्या सुरुवातीपासून मोजलं तर तो पत्ता स्थिर व्हायला जास्तीत जास्त ११० नॅनोसेकंद लागतात, तक्त्यातलं नाव टीसीएलएव्ही. डेटा टिपला जातो टी-३च्या शेवटी, आणि त्याआधी तो किमान ३० नॅनोसेकंद स्थिर हवा, टीडीव्हीसीएल.

टी-१च्या सुरुवातीपासून टी-३च्या शेवटापर्यंत तीन क्लॉक, म्हणजे ६०० नॅनोसेकंद.

६०० − ११० − ३० = ४६०.

हे ४६० नॅनोसेकंद पत्ता स्थिर झाल्यापासून डेटा हजर होईपर्यंतचे. पण ते सगळे मेमरीचे नाहीत. ८०८६च्या पिनांवर पत्ता आणि डेटा वाटून येतात, त्यामुळे एएलई या ‘पत्ता आला आहे’ असं सांगणाऱ्या सिग्नलवर पत्ता पकडून ठेवणारा लॅच लागतो. त्याचा विलंब वजा करा. चिप-सिलेक्ट काढणाऱ्या डिकोडरचा वजा करा. डेटा बसवर बफर असेल तर त्याचाही. तारांचा विलंबही धरा, बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटीमीटर जातो. इथे तो नगण्य आहे, आजच्या मेमरी बसवर मात्र त्याच्यावरच सगळं डिझाइन उभं असतं. सगळं वजा करून ४०० च्या आसपास उरतात, आणि मेमरीचा कमाल ॲक्सेस टाइम (पत्ता मिळाल्यापासून डेटा देईपर्यंतचा वेळ) त्याच्या आत हवा.

इथवर बहुतेक जण येतात आणि थांबतात. पण मेमरीला दुसरी वाटही आहे: आउटपुट एनेबल, म्हणजे डेटा बसवर सोडण्याची परवानगी. ती देणारा आरडी (वाचनाचा) सिग्नल टी-२मध्ये खाली येतो, टी-२च्या सुरुवातीपासून कमाल १६५ नॅनोसेकंदांनी. तिथून टी-३च्या शेवटापर्यंत दोन क्लॉक, ४०० नॅनोसेकंद. ४०० − १६५ − ३० = २०५. म्हणजे आरडी आल्यापासून मेमरीने २०५ नॅनोसेकंदांत डेटा बाहेर टाकायला हवा. ॲक्सेस टाइम भरपूर वेगवान आणि आउटपुट एनेबल मंद, असं झालं तरी वाचन चुकणार. दोन्ही वाटा तपासा, हिशेब पाच मिनिटांचा आहे.

मेमरी मंद निघाली तर?

वेट स्टेट. रेडी पिन वेळेवर खाली ओढली की प्रोसेसर टी-३ आणि टी-४च्या मधे एक जादा क्लॉक घालतो. ४६० चे ६६० होतात, २०५ चे ४०५. रेडी सिग्नललाही स्वतःचे सेटअप आणि होल्ड आहेत. तो मनाला येईल तेव्हा हलवून चालत नाही, म्हणून ८२८४ क्लॉक जनरेटर त्याला क्लॉकशी जुळवून देतो.

क्लॉकला वरची मर्यादा समजते, पण खालची मर्यादा का असते?

कारण जुन्या एनमॉस (फक्त एन-प्रकारच्या ट्रान्झिस्टरांच्या) चिपांमध्ये काही ठिकाणी बिट साठवण्यासाठी नुसता गेटचा कपॅसिटन्स वापरला जायचा. तो गळतो. क्लॉक फार मंद झाला तर पुढची कड येण्याआधीच बिट पुसला जातो. ८०८६चा आवर्तकाळ म्हणूनच ५०० नॅनोसेकंदांच्या वर नेता येत नाही, म्हणजे किमान २ मेगाहर्ट्झ हवेतच. आणि इथे उष्णता पुन्हा डोकावते: गरम चिपमध्ये गळती जास्त, बिट लवकर पुसला जाणार. थंड टेबलावर १ मेगाहर्ट्झला ‘चालून दाखवलेला’ ८०८६ गरम झाल्यावर चालेलच असं नाही. नंतर आलेला सीमॉस (एन आणि पी दोन्ही प्रकारच्या ट्रान्झिस्टरांचा) ८०सी८६ स्थिर रचनेचा आहे, त्याचा क्लॉक पूर्ण थांबवला तरी आतलं काही हरवत नाही.

८०८६च्या क्लॉकची ड्युटी सायकल (क्लॉक वर असण्याचा हिस्सा) ३३ टक्केच का?

त्याच्या आतल्या टायमिंगला क्लॉक खाली असतानाचा काळ मोठा लागतो, म्हणून तो तसा ठेवलेला आहे. ५ मेगाहर्ट्झला क्लॉक खाली किमान ११८ नॅनोसेकंद आणि वर किमान ६९ नॅनोसेकंद हवा. ८२८४ला १५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल देतात आणि तो तीनाने भागतो, एक भाग वर, दोन भाग खाली. तिथे ५० टक्क्यांचा ५ मेगाहर्ट्झ क्लॉक दिला तर खालचा काळ १०० नॅनोसेकंदच मिळतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी बरोबर असूनही तक्ता मोडतो.

पुरवठ्याचं व्होल्टेज मल्टीमीटरवर बरोबर दिसतं, तरी चुका येतात. असं कसं?

मल्टीमीटर सरासरी दाखवतो. चिपला त्रास होतो तो काही नॅनोसेकंदांच्या खड्ड्यांचा. तारेला इंडक्टन्स असतो. १ नॅनोहेन्रीच्या वाटेतून १ नॅनोसेकंदात करंट १ अँपिअरने बदलला तर त्या वाटेवर १ व्होल्ट पडतो. बसच्या सोळा ओळी एकदम ० वरून १ वर गेल्या की असाच धक्का बसतो. त्या क्षणी चिपच्या आत व्होल्टेज खाली, म्हणून ट्रान्झिस्टर मंद, म्हणून विलंब वाढलेला, आणि क्लॉकची कड तर ठरलेल्या वेळी येणारच. सेटअप मोडतो. म्हणून प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पिनेला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवतात. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला कपॅसिटर आकृतीत सारखाच दिसतो, कामात नाही.

मोठ्या प्रोसेसरमध्ये साधा रोधही भारी पडतो. १ व्होल्टवर १०० वॅट म्हणजे १०० अँपिअर. वाटेत १ मिलिओहम असला तरी ०.१ व्होल्ट गेला, म्हणजे दहा टक्के, आणि १० वॅट वाटेतच जळाले.

बाहेरचं बटण किंवा सेन्सर थेट पिनेला जोडला तर टायमिंगचं काय?

त्या सिग्नलला आपल्या क्लॉकची काही खबर नसते, म्हणून कधी ना कधी तो सेटअप-होल्डच्या खिडकीत बदलणारच. तेव्हा फ्लिपफ्लॉप धड ० नाही, धड १ नाही अशा अधांतरी अवस्थेत काही काळ राहू शकतो. तो किती काळ राहील याची पक्की मर्यादा नाही, फक्त जास्त काळ राहण्याची शक्यता घातांकी वेगाने घटते. म्हणून ओळीने दोन फ्लिपफ्लॉप लावतात: पहिल्याला सावरायला एक पूर्ण क्लॉक मिळतो.

बोर्ड वीस मिनिटं छान चालतो आणि मग अडकतो. शोध कुठून सुरू करू?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. वीस मिनिटं हा आकडाच बोलका आहे. सिलिकॉन स्वतः मिलिसेकंदांत तापतं, पण हीटसिंक, बोर्ड आणि पेटीतली हवा यांना मिनिटं लागतात. म्हणजे दोष त्या मंद तापणाऱ्या भागांशी बांधलेला आहे.

दोष आला की फ्रीझ स्प्रे घ्या आणि एकेका चिपवर थोडा थोडा मारा. कुठल्या चिपवर मारल्यावर बोर्ड शुद्धीवर येतो ते बघा. मग उलट करून खात्री करा: थंड बोर्डावर फक्त तीच चिप हॉट एअरने हळूहळू तापवा. दोष तिथेच आला तर जागा सापडली. त्यानंतर क्लॉक थोडा उतरवा. दोष गेला तर सेटअपची वाट आखडती होती. पुरवठा मर्यादेच्या आत किंचित वाढवून बघा. दोष गेला तर तेच निदान आणखी पक्कं.

एकदा अशाच एका बोर्डावर मी दोन दिवस प्रोसेसरलाच धरून बसलो होतो. तो सगळ्यात गरम होता, म्हणून संशय त्याच्यावर. शेवटी स्प्रेने दाखवलं की शेजारचा ॲड्रेस डिकोडर गरम झाल्यावर काही नॅनोसेकंद मागे पडत होता, आणि हिशेबात मीच त्याचा ठरावीकचा आकडा धरला होता. ठरावीकचा रकाना झाका, असं वर ज्या आग्रहाने लिहिलं, तो आग्रह तिथून आला.

चिपमधला तापमान सेन्सर कसा चालतो? आणि जास्त तापल्यावर प्रोसेसर काय करतो?

सिलिकॉनवरच एक डायोड असतो. ठरलेल्या करंटला त्याचं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. पण प्रत्येक डायोड थोडा वेगळा निघतो, म्हणून एकामागोमाग दोन करंट सोडतात, समजा एकास दहा या प्रमाणात, आणि दोन्ही व्होल्टेजमधला फरक मोजतात. तो फरक निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असतो, या प्रमाणाला दर अंशाला सुमारे ०.२ मिलिव्होल्ट. सिग्नल इतका लहान, म्हणून या डायोडच्या तारा क्लॉकच्या तारांपासून लांब न्याव्यात.

ठरलेली मर्यादा गाठली की प्रोसेसर आधी फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज उतरवतो, किंवा क्लॉकच्या काही कडा गाळतो. तरीही तापमान चढत राहिलं तर वेगळ्या सिग्नलवर पुरवठाच तोडला जातो. पहिला उपाय वेगाचा बळी देतो, दुसरा कामाचा, पण चिप वाचते. काम अचानक संथ होतंय आणि कारण सापडत नाही, तेव्हा आधी तापमानाची नोंद बघा.

दर १० अंशांनी आयुष्य निम्मं होतं, हे खरं का?

ढोबळ नियम म्हणून ठीक. मूळ आधार अरेनियसचं समीकरण. ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट सक्रियण ऊर्जा धरली आणि ८५ वरून ९५ अंशांवर गेलो, तर झिजेचा वेग १.८५ पट होतो, म्हणजे जवळपास दुप्पट. पण प्रत्येक झिजेची सक्रियण ऊर्जा वेगळी. धातूच्या तारांतले अणू करंटबरोबर सरकत जाण्याच्या झिजेत करंटची घनताही मोजावी लागते; तो संबंध जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली मांडला. आणखी एका झिजेत ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड वर्षानुवर्षं वर सरकतं. चिप मरत नाही, पण मंद होत जाते. टायमिंगमध्ये ठेवलेली फट त्यासाठीही असते.

० ते ७०, −४० ते ८५, −५५ ते १२५: हे तापमान नक्की कुणाचं?

व्यावसायिक, औद्योगिक आणि लष्करी अशा या तीन रूढ श्रेणी. जुन्या डेटाशीटमध्ये हा आकडा बहुधा भोवतालच्या हवेचा असतो, मोठ्या प्रोसेसरमध्ये पॅकेजचा किंवा जंक्शनचा. शेजारचं चिन्ह वाचल्याशिवाय तुलना करू नका. हवेचे ८५ आणि जंक्शनचे ८५ यांत दोन-तीन वॅटच्या चिपलाही पन्नास-साठ अंशांचं अंतर पडू शकतं.

माझ्याकडची चिप छापील वेगापेक्षा वर सहज चालते. मग तसंच वापरायला काय हरकत?

तुमची चिप, तुमच्या आजच्या तापमानात, तुम्ही चालवलेल्या प्रोग्रामवर चालते. सगळ्यात लांब वाट एखाद्या विरळ सूचनेतच वापरली जात असेल, आणि ती चुकली तर बोर्ड अडकणारही नाही, उत्तर फक्त चुकीचं येईल. अडकणारा बोर्ड परवडतो. चुकीचं उत्तर शांतपणे देणारा परवडत नाही.

प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी काही गिगाहर्ट्झवरच का अडकली?

१९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रान्झिस्टरची मापं आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात लहान केली, तर वेग वाढतो आणि दर चौरस मिलिमीटरची उष्णता तेवढीच राहते. तीस वर्षं उद्योग त्याच वाटेने गेला. पण व्होल्टेज उतरवायचं तर थ्रेशोल्डही उतरवावं लागतं, आणि थ्रेशोल्ड उतरलं की गळती घातांकी वेगाने वाढते. शेवटी व्होल्टेज उतरवणं जवळपास थांबलं. २००४ साली ९० नॅनोमीटर तंत्राने बनवलेला पेंटियम ४ ११५ वॅटपर्यंत पोचला होता, आणि त्याच वर्षी इंटेलने त्याच्या पुढच्या पिढीचा बेत रद्द करून एकाहून अधिक कोअरकडे मोहरा वळवला.

वीज आल्याबरोबर रिसेट किती वेळ धरून ठेवायचा?

८०८६साठी पुरवठा स्थिर झाल्यावर किमान ५० मायक्रोसेकंद. चालू असताना रिसेट द्यायचा तर किमान चार क्लॉक. मात्र ‘पुरवठा स्थिर झाल्यावर’ हे शब्द विसरू नका. रोध आणि कपॅसिटरचं साधं सर्किट पुरवठा चढायला लागल्यापासून वेळ मोजतं, स्थिर झाल्यापासून नाही. पुरवठा हळू चढणारा असेल, तर व्होल्टेज बघून रिसेट सोडणारी सुपरवायझर चिप वापरा आणि तिच्या विलंबाचा किमान रकाना बघा.